थोरल्याची उडी

थोरल्याने आयुष्यात एकच गोष्ट अशी केली की ती लाखो लोकांच्या अंगठ्यात जाऊन बसली. ती म्हणजे एक उडी.

गेमचं नाव 'काठोकाठ'. पुरात बुडालेलं गाव, पाण्याच्या वर राहिलेली छपरं आणि त्या छपरांवरून उड्या मारत गावाच्या दुसऱ्या टोकाला आपल्या माणसांपर्यंत पोचणारी एक मुलगी. गोष्ट एवढीच. बाकी सगळी मदार उडीवर. बटण दाबलं की मुलगी किती झटकन उठते, वर किती तरंगते, खाली किती वेगाने येते, कौलांवर पाय टेकताना गुडघ्यात किती वाकते, एवढ्यासाठी थोरला अकरा महिने खुर्चीला खिळला होता. त्यातली सगळ्यात नाजूक खुबी खेळणाऱ्यांना कधी कळलीच नाही. मुलीचा पाय छपराच्या कडेवरून सुटला आणि बटण जरासं उशिरा दाबलं गेलं, तरी गेम ती उडी पदरात घ्यायचा. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रं सरकतात, त्यातल्या सहा चित्रांपुरती ही सवलत. थोरला तिला 'माफी' म्हणायचा. "सातवं दिलं तर माणूस लाडावतो," तो म्हणे, "आणि पाचच दिली तर रुसतो."

धाकटी त्याची सख्खी बहीण, सात वर्षांनी लहान. ऑफिसात दोघांना सगळे थोरला आणि धाकटीच म्हणत, इतकं की नव्याने आलेल्याला त्यांची खरी नावं कळायला महिना-महिना लागे. हुद्दा मात्र उलटा होता. गेमचा सगळा आराखडा तिचा. कुठे वाट सोपी, कुठे अवघड, कुठे पाणी चढणार, हे ती ठरवायची, आणि शेवटचा शब्द तिचा असायचा. थोरल्याला त्याचं काहीच नव्हतं. "मला उडी दे, बाकीचं गाव तू घे," असं त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. पण एखादी गोष्ट जमली की नाही हे तो फक्त तिलाच विचारायचा. ती बेधडक सांगायची. पहिल्या गेमच्या वेळी तिने त्याची उडी चाळीसएक वेळा परत पाठवली होती. "बेडकासारखी वाटते." "आता पोत्यासारखी पडते." तो चिडायचा नाही. डोकं खाजवत पुन्हा खुर्चीत जाऊन बसायचा.

पहिला गेम निघाला तेव्हा ऑफिस म्हणजे वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्या होत्या. सहा वर्षांत गेमचं नाव झालं, एका मोठ्या कंपनीने दोन खोल्यांसकट सगळ्यांना आपल्यात घेतलं, आणि दुसरा भाग काढायचं ठरलं. कंपनीने त्यासाठी एक व्यवस्थापक पाठवला. शांत, नम्र माणूस. त्याने आयुष्यात एकही गेम शेवटपर्यंत खेळला नव्हता आणि तसं तो मोकळेपणाने सांगायचा. बोलताना प्रत्येक वाक्यात एक तरी आकडा, म्हणून चष्मेवालीने त्याचं नाव आकडेवाले पाडलं. चष्मेवाली म्हणजे गेम तपासणारी. दिवसभर खेळायचं आणि कुठे काय बिघडलंय ते लिहून काढायचं, हे तिचं काम. पहिल्या भागापासून ती त्यांच्याबरोबर होती.

पहिल्याच बैठकीत आकडेवाल्यांनी कागद पुढे सरकवला.

"आपण खेळणाऱ्यांना विचारलं. शंभरातले एकाहत्तर म्हणतात, दुसऱ्या भागात काहीतरी नवीन हवं, नाहीतर घेणार नाही."

"बरं," धाकटी म्हणाली.

"आणि शंभरातले चौऱ्याऐंशी म्हणतात, जुन्याला हात लावू नका."

चष्मेवालीने बोटांवर हिशेब केला. "म्हणजे पंचावन्न तरी माणसं असतील ज्यांना दोन्ही हवंय."

"हो ना. सून नवी हवी, पण हुबेहूब सासूसारखी," थोरला म्हणाला, आणि सगळे हसले. आकडेवालेही हसले.

हसून सुटका मात्र नव्हती. गावातलं पाणी आता भरती-ओहोटीसारखं वर-खाली होईल असं धाकटीने ठरवलं. आता असलेलं छप्पर थोड्या वेळाने पाण्याखाली, आता बुडालेली खिडकी थोड्या वेळाने दार. तिच्या मते नवेपणाला एवढं पुष्कळ होतं. उडी तशीच ठेवायची होती. पण थोरला स्वतःच म्हणाला, "उडी मी बदलतो."

"दादा, उडीला कशाला हात लावतोस? तिच्यावर तर लोक जीव टाकतात."

"सहा वर्षं तीच उडी मारतायत. आपली मुलगी आता मोठी झालीय. तिच्या अंगात वजन नको? मोठं माणूस उडी मारताना आधी दम घेतं."

तिला ते पटलं. खरं सांगायचं तर आवडलंच. इतक्या वर्षांनीही आपला भाऊ असा विचार करतो याचं कौतुक वाटलं तिला. त्याच सुमारास थोरल्याने पाठदुखीचं सांगून आठवड्यातले तीन दिवस घरून काम करायला सुरुवात केली. कोणी काही विचारलं नाही. या धंद्यात पाठ सगळ्यांचीच दुखते.

पहिली शंका चष्मेवालीने काढली. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती धाकटीच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"ताई, उडी उशिरा उठते."

"तशीच ठेवलीय. वजन आहे तिला."

"वजन मला समजतं. पण गेल्या महिन्यात होती त्यापेक्षा या महिन्यात जास्त उशिरा उठते. आणि माफी मोजलीत का तुम्ही? सहाची बावीस झालीय. मुलगी छप्पर सोडून हवेत चार पावलं टाकते, तरी उडी लागते."

धाकटीने मोजलं. बावीसच होती. तिने थोरल्याला फोन केला, तर तो म्हणाला, पाणी हलतं आहे, लोक गोंधळतात, म्हणून सवलत वाढवली. उत्तरात चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

मग आठवडाभर बाहेरची माणसं बोलावून चाचणी झाली. सामान काढून रिकाम्या केलेल्या एका खोलीत तीन खुर्च्या, तीन पडदे, आणि खेळणाऱ्याचा चेहरा टिपणारा एकेक कॅमेरा. शेजारच्या खोलीत बसून धाकटी ते चेहरे पाहत होती. एक कॉलेजातली मुलगी सारखी कंट्रोलरकडे पाहायची, जणू त्यातच काही बिघाड आहे. एक गृहस्थ पाचव्यांदा पडले आणि स्वतःशीच पुटपुटले, "वय झालं आता." एकाने मात्र भरभरून लिहून दिलं की ही उडी वेगळी आहे, थांबायला लावते, असं काही आजवर कोणी केलं नव्हतं.

धाकटीने तो एक कागद उचलला. पुढच्या बैठकीत आकडेवाल्यांनी उडीचा विषय काढला तेव्हा तिने तो त्यांच्यासमोर ठेवला.

"लोकांना नवीन हवंय म्हणून तुम्हीच सांगितलंत. नवीन म्हणजे हेच. पहिल्यांदा सगळे नाक मुरडणारच."

"शंभरातले अठ्ठावन्न नाराज आहेत, मॅडम."

"जन्माला येताना रडत नाही असं मूल दाखवा."

आकडेवाल्यांनी आपला कागद घडी करून खिशात ठेवला. ती जिंकली होती. चष्मेवाली मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत राहिली.

त्यानंतरच्या रविवारी, दुपारी, धाकटी न कळवता थोरल्याच्या घरी गेली. गेमची नवी प्रत त्याला द्यायची होती, एवढंच निमित्त. दार वहिनीने उघडलं. आतल्या पलंगावर थोरल्याचे शर्ट पसरले होते, आठ-दहा तरी. वहिनी त्यांची बटणं उसवून आत वेल्क्रोची पट्टी शिवत होती, आणि काढलेली बटणं पुन्हा बाहेरच्या बाजूने, काजांवर, नुसती दिसण्यापुरती टाचत होती.

धाकटीने एक शर्ट उचलून पाहिला. "वहिनी, हे काय?"

वहिनीने आधी बाहेरच्या खोलीकडे पाहिलं, मग दार लोटलं.

"कंपवात आहे त्याला. गेल्या वर्षीच डॉक्टरांनी सांगितलं. उजव्या हातापासून सुरुवात झाली."

"आणि मला कोणी बोललं नाही?"

"त्यानेच शपथ घातली. म्हणाला, धाकटीला कळलं की ती माझ्या कामाकडे नीट बघणार नाही. हाताकडे बघत बसेल."

धाकटी पलंगाच्या कडेवर बसली. वहिनीने सुईत दोरा ओवला.

बाहेरच्या खोलीत थोरला दाराकडे पाठ करून, कानांवर हेडफोन चढवून खेळत होता. ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. त्याला चाहूल लागली नव्हती. मुलगी छपरावरून धावत कडेपर्यंत आली. थोरल्याचा अंगठा निघाला, पण बटणापाशी पोचेपर्यंत मुलीने कडा सोडली, हवेत एक पाऊल टाकलं, दोन, तीन. अंगठा थरथरत बटणावर टेकला. मुलीने दम घेतला आणि उडाली. पलीकडच्या कौलांवर नीट उतरली.

ती उडी थोरल्याच्या अंगठ्याच्या मापाने शिवली होती. महिन्या-महिन्याने अंगठा मंद होत गेला तशी उडीही मंद होत गेली होती. आणि त्याला स्वतःला ते कळलं नव्हतं, हे धाकटीला त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. तो समाधानाने पाहत होता. जुनी उडी त्याने नेहमी हातांनीच पारखली होती, आकड्यांनी नाही. आताही तो हातांवरच विश्वास ठेवून बसला होता.

त्याने मागे वळून पाहिलं. "कधी आलीस? बघितलीस का? आता जमलीय असं वाटतं मला." जरा थांबून त्याने विचारलं, "कशी आहे?"

चाळीस वेळा तिने हे उत्तर बेधडक दिलं होतं. या वेळी जीभ उचलेना.

"वेगळी आहे," ती म्हणाली.

"मग झालं. लोकांना वेगळंच हवंय ना."

पुढे तीन महिने तिने हे कोणालाही सांगितलं नाही. दगडाखाली हात नसतो तेव्हा माणूस शहाणपणा शिकवतो. तिचा तर दोन्ही बाजूंनी अडकला होता. उडी बदलली तर थोरला कारण विचारल्याशिवाय राहणार नव्हता. नाही बदलली तर लोक काय म्हणतील ते तिला त्या तीन खुर्च्यांवर बसलेल्या चेहऱ्यांनी आधीच सांगितलं होतं. पण त्या एका कागदाचा आधार घेऊन ती स्वतःची समजूत घालायची. नवीन आहे, लोकांना सवय होईल. चष्मेवालीने आणखी दोनदा विषय काढला. दुसऱ्या वेळी धाकटी तिच्यावर सगळ्यांदेखत डाफरली. त्यानंतर चष्मेवाली उडीबद्दल काही लिहीनाशी झाली.

'काठोकाठ दोन' एका मंगळवारी सकाळी दहा वाजता निघाला. साडेअकरापर्यंत पहिले अभिप्राय आले. निम्मे लोक लिहीत होते की हा तर पहिलाच गेम आहे, तेच गाव, तेच पाणी, आठ वर्षं काय झोपा काढल्या. उरलेले निम्मे लिहीत होते की यांनी आमच्या उडीचं वाटोळं केलं. पाण्याच्या ज्या चढण्या-उतरण्यावर धाकटीने दोन वर्षं घालवली होती, त्याबद्दल कोणी बरं-वाईट एक अक्षर लिहिलं नाही. तेलही गेलं, तूपही गेलं, अशी गत.

लोकांची जीभ संध्याकाळपर्यंत आणखी तिखट झाली. उडीची चित्रफीत करून कोणीतरी मुलगी हवेत चालते त्यावर हसण्याचे आवाज घातले. आणि एकाने लिहिलं, "ही उडी बनवणाऱ्याच्या हातांना लकवा झालाय का?" ते वाक्य लोकांना इतकं आवडलं की दुसऱ्या दिवसापर्यंत ते हजारोंनी पुढे पाठवलं. ज्याने लिहिलं त्याला काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. बोलता बोलता बोलून गेला होता.

गुरुवारी आकडेवाल्यांनी धाकटीला बोलावलं. या वेळी त्यांनी कागद पुढे केला नाही.

"जुनी उडी परत आणा, मॅडम. दहा दिवसांत."

"नवीही राहू दे. ज्याला हवी तो निवडेल."

"चालेल. पण सुरुवातीला जुनीच."

ती तशीच थोरल्याच्या घरी गेली. तो खिडकीपाशी बसला होता. उजवा हात मांडीखाली दाबून धरला होता. लकव्याचं वाक्य त्याने वाचलेलं होतं.

"दादा, जुनी उडी परत घालावी लागणार."

"घाल. सहा चित्रं माफी, बाकीचे आकडे जुन्या प्रतीत आहेत."

"नवीसुद्धा ठेवतेय. ज्यांना हवी असेल त्यांच्यासाठी."

"कोणासाठी? माझ्यासाठी?"

तिची नजर त्याच्या मांडीखालच्या हाताकडे गेली. त्याने तिच्याकडे नीट पाहिलं.

"तुला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"तू विचारलंस ना, कशी आहे म्हणून. त्या दिवशी."

"तीन महिने," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. "मला वाटत होतं तू माझी उडी तपासतेयस. तू मला सांभाळत होतीस."

"मला बोलवेना, दादा."

"तुझ्याइतकं स्पष्ट मला कोणी सांगत नव्हतं म्हणून तर मी तुला विचारायचो. हाताचं मला कळत होतं. उडीचं कळत नव्हतं. ते तू सांगायचं होतंस. तू एक शब्द बोलली असतीस तर मी दुसऱ्या कोणाच्या हाती उडी दिली असती. चष्मेवालीला बसवलं असतं शेजारी. वाईट वाटलं असतं, दोन दिवस जेवलो नसतो. पण लोकांनी असं थुंकलं नसतं माझ्यावर." त्याने श्वास घेतला. "ती दुसरी उडी काढून टाक. माझ्या आजाराचं बटण मला त्या गेममध्ये नको."

वहिनी दारात उभी होती. तिने धाकटीच्या खांद्यावर हात ठेवून तिला बाहेर नेलं. "आता जा तू," एवढंच म्हणाली.

जुनी उडी धाकटीने आठव्या दिवशी परत आणली. नवी पुसली. काम अवघड नव्हतं. अवघड होतं ते चष्मेवालीला शेजारी बसवून घेणं. ती न बोलता आली, तिने तपासलं, ठीक आहे म्हणाली आणि उठून गेली. लोक खूश झाले. अखेर आमचं ऐकलं, असं लिहू लागले. महिनाभराने तेच लोक लिहू लागले की उडी छान आहे, पण यात नवीन असं काहीच नाही.

थोरल्याने राजीनामा टपालाने पाठवला. परत आणलेल्या उडीने तो एकदा खेळला, हे वहिनीने नंतर फोनवर सांगितलं. पहिल्या छपरावरून दुसऱ्यावर जायला त्याने सकाळभर प्रयत्न केला. मग कंट्रोलर कपाटात ठेवला. तिथून पुढे त्याने धाकटीचा फोन घेतला नाही. ती रविवारी जायची, वहिनी तिला स्वयंपाकघरात बसवून चहा द्यायची, बाहेरच्या खोलीतून टीव्हीचा आवाज यायचा. तीन-चार रविवारांनंतर वहिनीच म्हणाली, "थोडे दिवस येऊ नकोस. तू आलीस की त्याचा हात जास्त हलतो."

तिने जाणं थांबवलं. ऑफिसात तिसऱ्या भागाचं बोलणं सुरू झालं. आकडेवाल्यांनी नवीन प्रश्नावली काढली. या वेळी शंभरातल्या शहात्तर जणांना नवीन हवं होतं. धाकटीने तो भाग आपण करणार नाही असं सांगितलं आणि छोट्या मुलांच्या गणिताच्या खेळांचं काम मागून घेतलं. कोणी आग्रह केला नाही. तिची जागा चष्मेवालीला मिळाली, आणि ती तिने चांगली सांभाळली असं म्हणतात.

वर्ष उलटता उलटता थोरला न्हाणीघरात घसरून पडला. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण कंपवातामुळे हाड जुळूनही पाऊल उचलेना. दवाखान्यात त्याला रोज चालवायला एक बाई येई. ती दर पावलाला "छान, एकदम छान" म्हणायची. वहिनीला एका सकाळी विम्याच्या कचेरीत कागदांवर सह्या करायला जावं लागलं, म्हणून तिने धाकटीला बोलावून घेतलं. दुसरं कोणी नव्हतं.

थोरला लांब बोळात दोन्ही हातांनी वॉकरची चौकट धरून उभा होता. दहा महिन्यांत दहा वर्षांनी म्हातारा झाला होता. त्याने तिला पाहिलं. चालवणारी बाई दुसऱ्या रुग्णाकडे गेली होती. त्याने चौकट पुढे सरकवली, एक पाय टाकला, दुसरा ओढून घेतला. पुन्हा चौकट, पुन्हा पाय. बोळाच्या टोकाच्या खिडकीपर्यंत जाऊन तो वळला. वळताना जवळजवळ पडलाच. धाकटी जागची हलली नाही. हात पुढे करायचा नाही असं तिने मन घट्ट करून ठरवलं होतं.

तो तिच्यापर्यंत आला. कपाळ घामाने भिजलं होतं.

"कसा चालतो?"

"वाईट," ती म्हणाली. "डावा पाय उचलतच नाहीस. ओढतोस. आणि वळताना चौकट आधी फिरवतोस, अंग मागे राहतं. असा पुन्हा पडशील."

थोरल्याने मान हलवली.

"ती बाई छान म्हणते."

"ती रोज सगळ्यांनाच म्हणते."

तो बराच वेळ दम खात उभा राहिला. मग त्याने चौकट खिडकीकडे वळवली. "मागून ये," तो म्हणाला. "आणि पाय ओढला की सांग."

खिडकीपर्यंत पोचेस्तोवर तिने त्याला अकरा वेळा सांगितलं.